पंचरंगी सामने: एका चुरशीचा इतिहास

खेळाला खेळ म्हणूनच घ्यावे, जिंकल्यास माजू नये व हरल्यास खचू नये, हा उपदेश आपल्याकडे घरोघरी मुलांना केला जातो. उपदेश करणारी वडील मंडळी मात्र एखाद्या विशिष्ट देशाशी सामना असला, म्हणजे त्या दिवशी जेवणाची वेळ चुकवितात, बसल्या जागेवरून उठत नाहीत, आणि निकाल विरुद्ध लागला तर दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलत नाहीत. इतर देशांकडून झालेल्या पराभवाचे त्यांना इतके दुःख होत नाही. यावरून उघड आहे की, या दुःखाचे कारण चेंडू आणि फळी यांच्या बाहेर कोठेतरी असले पाहिजे. खेळातील चुरशीत राजकारण कोणत्या वाटेने शिरते, आणि एकदा शिरल्यावर त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएट रशिया व त्याची मित्रराष्ट्रे यांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, आणि त्या देशाने नुकताच आरंभिलेला उदार राज्यकारभाराचा प्रयोग रणगाड्यांखाली चिरडला गेला. पुढच्या वर्षी बर्फावरील हॉकीचे जागतिक सामने प्राग येथे व्हावयाचे होते. ते आता स्टॉकहोम येथे नेण्यात आले. तेथे २१ मार्च १९६९ रोजी चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने सोव्हिएट संघास २-० असे, व २८ मार्च रोजी पुन्हा ४-३ असे हरविले. काही खेळाडूंनी आपल्या अंगरख्यावरील राष्ट्रचिन्हातला तांबडा तारा पट्टी चिकटवून झाकला होता. सामना संपल्यावर प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करण्याचा रिवाजही त्यांनी पाळला नाही. दुसऱ्या विजयाची वार्ता पोचताच प्रागमध्ये व इतर शहरांत लाखो लोक रस्त्यांवर आले. प्रागच्या मुख्य चौकातील सोव्हिएट विमान कंपनीच्या कचेरीची मोडतोड झाली. मॉस्कोला तेवढे निमित्त पुरे झाले. १७ एप्रिल रोजी डुबचेक यांना पक्षाच्या मुख्य पदावरून जावे लागले व त्यांच्या जागी हुसाक आले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही सामने हरूनही त्या वर्षीचे अजिंक्यपद सोव्हिएट संघालाच मिळाले. चेकोस्लोव्हाकिया तिसरा आला. पण त्या देशातील वृद्ध माणसाला विचारले, तर तो अजिंक्यपदाविषयी बोलणार नाही, ते दोन सामने सांगेल.

बर्फावरील हॉकी आपल्या उष्ण देशातील बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलीही नाही. परंतु ज्या रसायनाने ते दोन सामने पेटले, ते रसायन आपल्या मुंबईत त्यापूर्वी पन्नास-साठ वर्षे तयार होत होते. त्याचे नाव प्रथम तिरंगी, मग चौरंगी आणि शेवटी पंचरंगी सामने असे होते. आज हे शब्द तरुण वाचकांस अपरिचित वाटतील. एके काळी ते महाराष्ट्रातील प्रत्येक सुशिक्षित घरात उच्चारले जात.

या सामन्यांचे मूळ पारशी समाजाच्या हौसेत आहे. मुंबईतील पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. ज्या खेळास आपल्याकडे कौतुकाने ‘चेंडूफळी’ असे मराठी नाव देण्यात आले, तो खेळ या देशाच्या लोकांनी संघ करून खेळण्याचा हा आरंभ होय. १८८६ व १८८८ साली पारशी संघ इंग्लंडात जाऊन आले. तथापि घरच्या मैदानावर त्यांना सुख नव्हते. गोऱ्या साहेबांना आपल्या जिमखान्याचे हिरवे क्रीडांगण राखून ठेवलेले होते, आणि एतद्देशीय मुले ज्या उघड्या मैदानावर खेळत, त्यावरच साहेब लोक पोलो खेळण्यासाठी घोडे घालीत. टापांनी उकरलेल्या जमिनीवर चेंडू सरळ उसळेना. १८८० च्या सुमारास या मैदानाकरिता एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. त्या अर्जांत कोणी स्वराज्य मागितले नव्हते. मागणी एवढीच होती की, घोडे दुसरीकडे न्यावेत. परंतु राजकर्त्याकडे हक्काची गोष्ट हक्क म्हणून मागण्याची सवय माणसाला अशाच लहान गोष्टींतून लागते.

पुढे पारशी व युरोपियन यांचे सामने नियमाने होऊ लागले, आणि पारशी ते जिंकूही लागले. हिंदूंनीही आपला जिमखाना १८९४ साली काढला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा झाल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव झाला. वंगभंगाची चळवळ तेव्हा भरात होती आणि रशियावर जपानने मिळविलेल्या विजयाला अवघे वर्ष लोटले होते. अशा वेळी या १०९ धावांना धावांहून अधिक मोल आले, यात नवल नाही. ज्या साहेबापुढे कचेरीत मान खाली घालून उभे राहावयाचे, त्याच साहेबाची यष्टी भर मैदानात उडालेली पाहणे, हे कारकुनाला दहा व्याख्यानांहून अधिक शिकवून जात असले पाहिजे.

पण ही यष्टी उडविणारा हात कोणाचा होता, हे पाहिले म्हणजे कथेला दुसरे अंग फुटते. हिंदू संघाचा आधारस्तंभ होता पालवणकर बाळू हा डावखुरा गोलंदाज. तो चांभार जातीत जन्मला होता. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर तो मैदानाची निगा राखी आणि सरावाच्या वेळी साहेब लोकांना तासन्‌तास गोलंदाजी करी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपला हात साफ करण्यासाठी बाळूलाच गोलंदाजी करावयास लावी, असे सांगतात. पुण्याच्या हिंदू मंडळींना युरोपियनांना हरवावयाचे होते, म्हणून त्यांनी बाळूला आपल्या संघात घेतले. मैदानावर सर्वजण त्याने टाकलेल्या चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. चेंडूचा विटाळ नाही, पेल्याचा विटाळ आहे, असा हा शास्त्रार्थ होता!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडात गेला, तेव्हा बाळूने तेथे शंभराहून अधिक गडी बाद केले. तरी मुंबईच्या सामन्यांत हिंदूंचे कर्णधारपद त्याला कधी देण्यात आले नाही. त्याचे शिवराम, गणपत व विठ्ठल हे भाऊही उत्तम खेळाडू होते. १९२० साली या प्रश्नावरून उघड तंटा झाला. बाळूला वगळलेले पाहून शिवराम व विठ्ठल यांनी सामन्यातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, आणि शेवटी बाळूला उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाला व हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर आणलेला होता, त्या हवेचा यात भाग असलाच पाहिजे. पण पालवणकर बंधूंनी मैदानावर जे करून दाखविले त्याविना नुसत्या हवेने हे काम झाले नसते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे साक्षात डॉ. आंबेडकरांविरुद्ध मुंबईत उभा राहिला आणि सुमारे दोन हजार मतांनी पडला. ज्या गोलंदाजाचा आंबेडकरांना तरुणपणी अभिमान वाटे, त्यालाच राजकारणाने त्यांच्यासमोर उभे केले.

या सामन्यांची बांधणी कशी होत गेली, ते आता पाहू. १९०७ साली युरोपियन, पारशी व हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व सामने चौरंगी झाले. वाचकांस हे सन ओळखीचे वाटतील. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुसलमान पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ सिमल्यास व्हाइसरॉयांना भेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस डाक्का येथे मुस्लिम लीग स्थापन झाली, आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. कायदेमंडळातील व मैदानावरील वाटणी अशी एकाच काळात पक्की होत गेली. सरकारने मुद्दाम कट करून हे सामने निर्माण केले, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो पुराव्यास धरून नाही. पारशांनी, हिंदूंनी व मुसलमानांनी आपापले जिमखाने स्वतःच्या हौसेने व स्वतःच्या पैशाने काढले. सरकारने एवढेच केले की, त्यांना समुद्राकाठी एकमेकांच्या शेजारी निरनिराळ्या जागा दिल्या. वेगळे राहण्याची आवड आपलीच होती. सरकारने तिला फक्त कुंपण घालून दिले.

पहिली काही वर्षे या कुंपणाचा कोणाला त्रास झाला नाही, याचे कारण सर्वांची नजर युरोपियन संघाकडे होती. कोणीही त्यांना हरविले तरी सर्वांनाच थोडाफार आनंद होई. सामन्यांचे दिवस म्हणजे मुंबईचा उत्सव असे. पुण्याहून, नाशिकहून, गुजराथेतून मंडळी येत आणि नातलगांकडे मुक्काम ठोकीत. नागपूर, कराची, लाहोर येथेही याच धर्तीवर सामने होऊ लागले. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्याचे धावते वर्णन आकाशवाणीवर प्रथमच ऐकविण्यात आले. वर्णन करणारे गृहस्थ होते तल्यारखान. आता सामना पाहण्यासाठी मैदानावर जाण्याची गरज राहिली नाही, आणि आपल्या बाजूचा अभिमान किंवा राग धरण्यासाठी खेळ समजण्याचीही गरज राहिली नाही.

याच सुमारास सामन्यांचे तोंड फिरले. युरोपियनांचा संघ दुबळा होत गेला. कोणी हरवावे असा राजा मैदानावर उरला नाही, तेव्हा हिंदू व मुसलमान यांचा सामना हाच मुख्य सामना ठरला. बाहेर देशात जातीय निवाडा, पुणे करार, प्रांतिक निवडणुका, मंत्रिमंडळे आणि १९४० चा लाहोरचा ठराव अशा घटना एकामागून एक घडत होत्या. तेच दोन पक्ष वर्षातून एकदा पांढरे कपडे घालून हजारो लोकांपुढे उभे राहत. ज्या संघाची नावेच धर्मावरून ठेवलेली, त्यांच्या सामन्यात बाहेरचे भांडण आणण्यासाठी कोणी निराळी खटपट करण्याची गरज नव्हती. सामन्याचा फलकच ते काम करी.

तरीही प्रत्येक वेळी तत्त्वाचेच भांडण होते, असे समजू नये. १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम बांधून झाले व सामने तेथे गेले. त्याच वर्षी ख्रिस्ती, ज्यू इत्यादी उरलेल्या मंडळींचा पाचवा संघ घेण्याचे ठरले. परंतु नव्या मैदानात आपल्या सभासदांना मिळणाऱ्या जागा अपुऱ्या आहेत, या कारणाने हिंदू जिमखान्याने त्या वर्षी भागच घेतला नाही. म्हणजे पहिल्या पंचरंगी सामन्यात चारच रंग उरले! राष्ट्राभिमानाच्या व धर्माभिमानाच्या पोटात खुर्च्यांचा हिशेब किती वेळा लपलेला असतो, याचा हा चांगला नमुना आहे.

या सामन्यांविरुद्ध आवाज उठविणारांत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र आघाडीवर होते. ज्यांच्या आवाजाने हे सामने घरोघर पोचले ते तल्यारखानही पुढे त्यांचे कडक टीकाकार झाले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास जाऊन गांधीजींना भेटले. काँग्रेसचे हजारो लोक त्या वेळी वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात जात होते. गांधीजींनी सामने बंद करू इच्छिणारांच्या बाजूने आपली सहानुभूती प्रकट केली. कॉलेजाकॉलेजांचे किंवा संस्थासंस्थांचे सामने मी समजू शकतो, धर्मावर संघ का पाडावे हे मला कधीच समजले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. पुढच्या वर्षी मात्र तो परत आला. १९४२ साली ‘चले जाव’च्या वणव्यात सामने झाले नाहीत, आणि १९४३ साली ते पुन्हा भरले. लोकांना सामने हवे होते, जिमखान्यांना उत्पन्न हवे होते, आणि खेळाडूंना खेळावयाचे होते.

सामन्यांच्या बाजूने बोलणारांचे म्हणणेही अगदी टाकाऊ नव्हते. ते म्हणत की, या सामन्यांइतके उत्तम क्रिकेट देशात दुसरीकडे होत नाही. दोन्ही समाजांचे लोक एकाच छपराखाली बसून शांतपणे सामना पाहतात, मग हा ऐक्याचा पुरावा नव्हे काय? डिसेंबर १९४४ चा अंतिम सामना या मंडळींचा सर्वांत मोठा दाखला होय. मुसलमानांना जिंकण्यासाठी २९८ धावा हव्या होत्या. नऊ गडी बाद झाले, तेव्हाही इब्राहिम हा फलंदाज पाय रोवून उभा होता. त्याने नाबाद १३७ धावा केल्या, आणि एक गडी राखून मुसलमान जिंकले. त्यांचा कर्णधार होता मुश्ताक अली. हिंदूंकडे विजय मर्चंट होते. याच दोघांनी १९३६ साली मँचेस्टर येथे इंग्लंडविरुद्ध हिंदुस्थानच्या डावाचा आरंभ करून २०३ धावांची भागी केली होती. मँचेस्टरला एकमेकांसाठी पळणारे हे दोघे मुंबईस एकमेकांविरुद्ध उभे होते, आणि त्यांच्या स्नेहात त्यामुळे काही उणे आल्याचे दिसत नाही. खेळाडू वैरी नव्हते, हे खरेच आहे. पण ज्या गोष्टीची किंमत खेळाडू देत नाहीत, तिची किंमत कोणीच देत नाही, असे मात्र नव्हे.

ती किंमत कोणावर पडली, हे कळण्यासाठी १९४३ चा अंतिम सामना पाहावा. तो हिंदू व ‘इतर’ यांच्यामध्ये झाला. ‘इतर’ हे पाचव्या संघाचे अधिकृत नाव होते! त्या संघात विजय हजारे होते. सांगलीस जन्मलेला, मराठी बोलणारा हा ख्रिस्ती तरुण. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यांत मर्चंटांच्या नाबाद २५० होत्या. ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत संपला. दुसऱ्या डावात त्यांच्या एकंदर ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेकचा वाटा २१ धावांचा होता. हिंदू एक डाव व ६१ धावांनी जिंकले, पण त्या सामन्यातून लोकांच्या स्मरणात राहिला तो हरलेल्या संघातील एक माणूस.

आता याच माणसाचे दुसरे चित्र पाहा. १९३४ पासून देशात रणजी करंडकाचे सामने सुरू झाले होते आणि त्यांत संघ प्रांतांवरून पाडलेले होते. पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व करीत होते. त्यांनी १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्रास करंडक मिळवून दिला. १९३९-४० मध्ये पुण्यास बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा करणारा फलंदाज कोण होता? विजय हजारेच. पुण्यात तो ‘महाराष्ट्र’ होता, मुंबईत तो ‘इतर’ झाला. हात तोच, फळी तीच, भाषाही तीच. बदलली होती ती केवळ वाटणीची रेघ. एका रेघेने त्याला घरात घेतले आणि दुसरीने त्याला उंबऱ्याबाहेर, उरलेल्या मंडळींच्या रांगेत नेऊन उभे केले. बाळूला हिंदूंच्या घरात घेऊनही चहाच्या वेळी उंबऱ्याबाहेर ठेवले होते, हे येथे आठवावे.

माझ्या मते या सर्व इतिहासाचा मथितार्थ येथे आहे. राजकारणाने तापलेल्या खेळाचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दुर्बळ माणूस आपल्या डोक्यावर बसलेल्याला ललकारतो. १९०६ चा हिंदू संघ असो की १९६९ चा चेकोस्लोव्हाकियाचा, त्यांच्या विजयाने मोडक्या माणसाची पाठ ताठ झाली. या प्रकारालाही किंमत पडते, पण ती देण्यात काही शोभा आहे. दुसऱ्या प्रकारात दोन शेजारी परस्परांसमोर येतात, आणि त्यात ज्याच्यावर आघात होतो तो पुष्कळदा समोरचा प्रतिस्पर्धी नसतोच. तो त्याच दिवशी मैदानाबाहेर पडून आपल्या घरी जातो. आघात होतो तो आपल्यातल्याच त्या माणसावर, ज्याची बाजू त्याला न विचारता आपण ठरवून टाकलेली असते.

पंचरंगी सामने १९४६ साली कायमचे बंद झाले व त्यांच्या जागी विभागवार सामने आले. शेवटचे पंचरंगी सामने हिंदूंनी पारशांना हरवून जिंकले होते. हा निर्णय योग्यच होता, पण तो उशिरा झाला. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. मैदानावरून पुसलेली रेघ नकाशावर उमटली, आणि जे सामने मुंबईत बंद झाले ते राष्ट्राराष्ट्रांचे सामने म्हणून पुन्हा सुरू झाले. १९५२ साली पाकिस्तानचा संघ प्रथम भारतात आला. त्याचे कर्णधार कारदार १९४६ साली इंग्लंडात हिंदुस्थानच्या संघातून खेळले होते. त्या दौऱ्यातील मुंबईचा सामना ब्रेबोर्न स्टेडियमवरच झाला. भारताने तो दहा गडी राखून जिंकला, आणि त्यात विजय हजारे यांनी नाबाद १४६ धावा केल्या. नऊ वर्षांपूर्वी याच मैदानावर जो ‘इतर’ होता, तो आता भारत होता. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने मद्रास येथे इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. रेघ बदलली म्हणजे काय होऊ शकते, याचे यापरते समाधानकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु नवी रेघही निष्पाप राहिली नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी पाकिस्तानशी सामना होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी उखडली. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईस भारत व पाकिस्तान यांच्या खेळाडूंनी परस्परांशी हस्तांदोलन केले नाही. पहलगामच्या हत्याकांडाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते, आणि पुष्कळांना ते योग्य वाटले. राष्ट्राने कोणाशी खेळावे, कोणाशी खेळू नये, हा राज्यकर्त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद असू शकतात. मला येथे ज्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे, तो राज्यकर्ते सोडवू शकत नाहीत. तो गल्लीत विचारला जातो.

१९८६ च्या एप्रिलात मी पैठणास शाळेत शिकत होतो. आमच्यातला एक मुसलमान मित्र गावसकरांचा इतका भक्त होता की, फळी हाती घेऊन तो उभा राहिला म्हणजे त्यांच्या उभे राहण्याची हुबेहूब नक्कल करी. १८ तारखेस शारजा येथे अंतिम सामना झाला. गावसकरांनी ९२ धावा काढल्या, आणि शेवटच्या चेंडूवर मियांदादने षट्कार मारून तो सामना पाकिस्तानला जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी गोदावरीच्या घाटावर आम्ही नेहमीप्रमाणे जमलो. हा मित्र आला तो उदास चेहऱ्याने, आणि गावसकरांच्या ९२ धावा फुकट गेल्या, असे म्हणत खाली बसला. तेवढ्यात कोणीतरी विचारले, “काय रे, आज तुमच्या घरी पेढे वाटले असतील ना?” सगळे हसले. तो काही बोलला नाही. थोडा वेळ पायरीवरचे खडे नदीत टाकीत बसला आणि उठून गेला. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा खेळावयास आला नाही. प्रश्न विचारणारा मी नव्हतो, एवढे म्हणून आजवर मनाची समजूत घालीत आलो. पण हसणारांत मी होतो.

ज्या घाटावर हा प्रश्न विचारला गेला, त्याच्या जवळच नाथांचा वाडा आहे. सोळाव्या शतकात याच गावी एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात हिंदू व तुर्क यांचे कडाक्याचे भांडण आहे. तुर्क आपल्या हिंदुस्थानी बोलीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो, आणि परस्परांच्या देवांची व आचारांची ते यथेच्छ उणीदुणी काढतात. कोणी कोणाला सोडीत नाही. शेवटी मात्र दोघेही आपली चूक ओळखून एकमेकांना आलिंगन देतात. हा संवाद वाचताना माझ्या मनात नेहमी येते की, नाथांनी भांडण टाळले नाही. त्यांनी दोघांनाही आपापल्या तोंडाने बोलू दिले. तुर्काच्या मनात काय आहे, हे हिंदूने आधीच ठरवून टाकलेले नाही. आमच्या घाटावर चुकले ते नेमके हेच. आम्ही मित्राला बोलू दिले नाही. तो काय म्हणत आला होता, तेही ऐकले नाही.

सामने होत राहतील. चुरस राहील, आणि ती असावी. चुरशीवाचून खेळात गोडी नाही. माझी विनंती सामन्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी आहे. त्या दिवशी आपल्या शेजाऱ्याची, सहाध्यायाची, कचेरीतील सोबत्याची बाजू आपण ठरवू नये. तो काय म्हणत येतो, ते ऐकावे. कदाचित तोही आपल्यासारखाच ९२ धावांचे दुःख करीत आलेला असेल.